वादळानंतर दीड-दोन दिवस वीज आली नाही तर घर कसे सांभाळावे?

नेरुळच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या भगिनींनी विचारले आहे की, पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वादळात त्यांच्या इमारतीची वीज ३१ तास गेली होती. इन्व्हर्टर साडेतीन तासांत बंद पडला, दुसऱ्या दिवशी दुपारी नळाचे पाणी संपले, आईचे इन्सुलिन फ्रिजमध्ये तसेच राहिले आणि वीज परत आल्यावर पाच मिनिटांच्या आत फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला. यातले काय टाळता आले असते आणि पुढच्या खेपेला काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे. मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक असून ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांची विजेची कामे २७ वर्षे करीत आहे. वीज जाणे आपल्या हातात नव्हते. बाकीचे जवळजवळ सगळे टाळता आले असते, आणि ते कसे, हेच पुढे सविस्तर लिहितो.

सर्वांत मोठी चूक पहिल्या अर्ध्या तासात होते. आपल्याकडे एरवी वीज गेली की पाऊण-एक तासात येते, त्यामुळे वादळानंतरही घरातले सगळे जण “येईलच आता” या भरवशावर पंखे, दिवे आणि टीव्ही तसेच चालू ठेवतात, फ्रिज पुन्हापुन्हा उघडतात आणि मोबाइलवर वादळाच्या चित्रफिती पाहत बसतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या अनेक गावांना वीज परत मिळायला कित्येक आठवडे लागले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते किनाऱ्यापासून दूर समुद्रातूनच उत्तरेला गेले, तरी ठाणे-नवी मुंबईत झाडे आणि तारा पडून अनेक वस्त्या अंधारात राहिल्या. आणि १३ मे २०२४ रोजी, ज्या दिवशी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली, त्या दिवशी तर चक्रीवादळ नव्हतेच, धुळीचे वादळ काही मिनिटे घोंगावून गेले होते. म्हणून वारा थांबल्यावर वीज नसेल, तर ती उद्या रात्रीपर्यंत येणार नाही असेच धरून चालावे. घरात त्या क्षणी बॅटरीतली वीज, फ्रिजमधला गारवा, गच्चीच्या टाकीतले पाणी आणि मोबाइलमधला चार्ज ही चार प्रकारची शिल्लक असते, आणि ती कशावर खर्च करायची हे त्याच वेळी ठरवावे लागते. माझ्या मते क्रम असा असावा: आधी औषध, मग पाणी, मग संपर्क आणि शेवटी आराम. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो.

किती वेळ लागेल याचा अंदाज खिडकीतून घेता येतो. आपल्याच इमारतीत अंधार आहे, की पूर्ण सेक्टर अंधारात आहे, की दूरवर वाशीपर्यंत एकही दिवा दिसत नाही, हे पाहावे. लोकांना वाटते की अंधार जितका मोठा तितका वेळ जास्त. प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. पूर्ण नोड, म्हणजे नेरुळसारखा आख्खा भाग, अंधारात असेल तर बिघाड उपकेंद्रात किंवा मोठ्या वाहिनीत असतो आणि सगळी यंत्रणा तिथेच लागलेली असते. दुरुस्ती वरून खाली होत येते: आधी उपकेंद्र, मग २२ हजार व्होल्टचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या, आणि त्यातही रुग्णालये व पाणीपुरवठा, मग ट्रान्सफॉर्मर, मग फीडर पिलर (रस्त्याकडेचा वीज वाटणारा डबा) आणि सर्वांत शेवटी एखाद्या इमारतीत येणारी सर्व्हिस केबल. समोरच्या इमारतीत दिवे आले आणि आपल्याकडे आले नाहीत, तर आपण रांगेत अगदी शेवटी आहोत हे ओळखावे. मुख्य म्हणजे, त्या क्षणापर्यंत आपली तक्रार मोठ्या बिघाडात गृहीत धरलेली असते, पण फीडर चालू झाल्यावर आपण अजून अंधारात आहोत हे कुणाला आपोआप कळत नाही. म्हणून महावितरणच्या १९१२ वर पुन्हा फोन करून १२ आकडी ग्राहक क्रमांक सांगावा आणि नेमक्या शब्दांत नोंद करावी: “शेजारच्या इमारतीत वीज आहे, आमच्याकडे तिन्ही फेज नाहीत”, किंवा “एकच फेज आहे”. (इमारतीला वीज फेज नावाच्या तीन तारांतून येते.) या एका वाक्यामुळे येणारा जनमित्र, म्हणजे महावितरणचा लाइनमन, फ्यूज घेऊन निघणार की केबलचा बिघाड शोधणारी गाडी मागवणार, हे ठरते. कळवा, मुंब्रा, शीळ भागात पुरवठ्याचे काम फ्रँचायझीकडे असल्याने तिथला तक्रार क्रमांक वेगळा आहे. तो बिलावर छापलेला असतो. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये आणि ग्राहक क्रमांक कागदावर, दोन्ही हाताशी असावेत.

नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी केबल जमिनीखाली असल्याने वादळाचा त्रास होणार नाही, असा एक समज आहे. जुन्या ठाण्यातल्या किंवा येऊरच्या पायथ्याकडच्या उघड्या तारांवर फांदी पडते, ती डोळ्यांना दिसते आणि महापालिकेचे लोक येऊन झाड कापले की तार ओढता येते. जमिनीखालच्या केबलचे तसे नसते. पदपथावरचे मोठे झाड मुळासकट उपटले जाताना मुळांत गुंतलेली केबलही ओढली जाते, किंवा जुन्या जॉइंटमध्ये पाणी शिरते. मग दोष नेमका कुठे आहे ते यंत्राने शोधणे, खड्डा खणणे, त्यातले पाणी उपसणे आणि कोरड्यात नवा जॉइंट मारणे या कामाला कित्येक तास जातात, आणि पाऊस पडत असेल तर जॉइंट मारताच येत नाही. खड्ड्यावर ताडपत्री धरून बसलेल्या माणसांशी हुज्जत घालून हे काम लवकर होत नाही; सोसायटीने त्यांना उजेडाची, पिण्याच्या पाण्याची आणि वाहने हटवून जागेची सोय करून दिली तर मात्र निश्चित लवकर होते. रस्त्यावर तार पडलेली दिसली तर ती मेलेली, म्हणजे वीज नसलेली, आहे असे कधीही समजू नये. निदान दहा मीटर लांब राहावे, तिला टेकलेले झाड, कुंपण किंवा साचलेले पाणी यांनाही हात-पाय लावू नये, आणि आपण चुकून जवळ पोहोचलोच तर मोठी पावले न टाकता दोन्ही पाय जुळवून सरकत मागे यावे.

आता इन्व्हर्टरविषयी. या भगिनींनी कळवले आहे की त्यांची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची असून दोनच वर्षे जुनी आहे, तेव्हा ती खराब निघाली असावी. बॅटरी खराब नाही. हिशेबच तेवढा आहे. १२ गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर होतात, पण बॅटरी तळापर्यंत रिकामी करता येत नाही आणि १२ व्होल्टचे २३० करताना काही वीज इन्व्हर्टर स्वतः खातो, त्यामुळे हाती साधारण ११०० वॉट-अवर लागतात. त्यांच्या घरी त्या रात्री ७५ वॉटचे दोन पंखे, २० वॉटच्या चार ट्यूब, ८० वॉटचा टीव्ही आणि १२ वॉटचा राउटर चालू होता. ही बेरीज ३२२ वॉट होते आणि ११०० ला ३२२ ने भागले की साडेतीन तासच येतात. त्याच बॅटरीवर ३० वॉटचा एक बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा, ५ वॉटचा एक दिवा आणि राउटर एवढेच चालवले, इन्व्हर्टरचा स्वतःचा १५ वॉटचा खर्च धरला, तर भार ६२ वॉट होतो आणि बॅटरी सतरा तास पुरते. दिवसा इन्व्हर्टर बटणाने पूर्ण बंद ठेवून फक्त रात्री आठ-नऊ तास वापरला तर दोन रात्री निघतात. याचा अर्थ सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली झोपायचे. हे सांगितले की लोकांना कमीपणा वाटतो, पण मे-जूनच्या उकाड्यात वयस्कर माणसाला पहाटे तीन वाजता पंखा मिळणे हे संध्याकाळी सात वाजता बैठकीच्या खोलीत लख्ख उजेड असण्यापेक्षा फार महत्त्वाचे आहे. नव्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी आई-वडिलांच्या खोलीतला पंखा बीएलडीसी करून घ्यावा, ही माझी स्पष्ट शिफारस आहे. घरात पूर्वीचा पंखाच असेल आणि त्याचा रेग्युलेटर जुना, मोठा, गरम होणारा असेल, तर वेग कमी केल्याने फारशी बचत होत नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर मात्र होते.

ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे त्यांनी हाच हिशेब आजच करावा. पाच लिटरचे यंत्र साधारण ३५० वॉट घेते, म्हणजे वर सांगितलेल्या बॅटरीवर ते जेमतेम तीन तास चालेल. तिथे उपाय सिलिंडरचा आहे. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो आणि मिनिटाला दोन लिटर या गतीने तो बारा तास पुरतो. वादळाचा इशारा मिळताच भरलेले सिलिंडर घरी आणून रेग्युलेटर बसतो ना, हे प्रत्यक्ष लावून पाहावे आणि त्या खोलीत मेणबत्ती किंवा उदबत्तीसुद्धा लावू नये. सिलिंडर मिळत नसेल तर अशा रुग्णाला वादळ येण्याआधीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे हलवावे. लिफ्ट बंद पडल्यावर सातव्या मजल्यावरून खुर्चीत बसवून माणूस खाली आणणे काय असते, ते मी एका सोसायटीत पाहिले आहे. चार तरुण मुले असूनही प्रत्येक मजल्यावर थांबावे लागत होते आणि आजोबांची नखे निळी पडत चालली होती.

इन्सुलिनबाबत घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही चालणार नाही. वापरात असलेले पेन किंवा कुपी ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालते. न उघडलेली मात्र २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बंद फ्रिजचे दार उघडले नाही तर चार तास गारवा टिकतो. त्यानंतर न उघडलेली इन्सुलिन कोरड्या पिशवीत घालून, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गोठवलेल्या बाटल्यांसोबत थर्मासच्या डब्यात ठेवावी. बर्फाला ती थेट टेकता कामा नये, कारण गोठलेली इन्सुलिन वितळल्यावरही निकामीच असते. रोजच्या पेनासाठी मातीचे भांडे पाण्याने भरलेल्या दुसऱ्या पसरट भांड्यात ठेवून वर ओले फडके टाकावे आणि ते वारा लागेल अशा खिडकीत ठेवावे. ही युक्ती विदर्भातल्या कोरड्या हवेत फार छान चालते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी असल्याने तापमान चार-पाच अंशच उतरते, पण ३३ चे २८-२९ होणे एवढेच आपल्याला हवे आहे. बाहेर राहिलेली न उघडलेली कुपी लगेच फेकू नये. त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी, आतल्या पत्रकात खोलीच्या तापमानात किती दिवस चालते ते दिलेले असते, ते पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगतो. भरलेला फ्रीझर न उघडता ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून इशारा आला की रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. दूध दर पाच-सहा तासांनी उकळावे, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि उरलेला भात ठेवू नये, भात जेवढा लागेल तेवढाच लावावा. मासळीबद्दल मात्र आग्रहाने सांगतो: बांगडा किंवा सुरमई तासन्‌तास कोमट राहिली तर तिच्यात तयार होणारे हिस्टामिन नंतर कितीही तळले तरी नष्ट होत नाही, म्हणून वास येत नसला तरी ती टाकून द्यावी. पाइपचा गॅस विजेविना येत राहतो आणि शेगडी काडीने पेटते. फक्त इंडक्शनवर अवलंबून असलेल्या घरांनी एक साधी शेगडी ठेवावी.

पाण्याचा प्रश्न एकट्या घराचा नसून सोसायटीचा असतो. या सोसायटीत २८ सदनिका आणि गच्चीवर २०,००० लिटरची टाकी आहे. घरटी चार माणसे धरली तर माणशी सुमारे १७८ लिटर येतात. माणशी रोज १३५ लिटर या नेहमीच्या मापाने ते सव्वा दिवसात संपतात, आणि त्यांच्याकडे ते तसेच संपले. वीज जाताच गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास सोडला असता, माणशी ५० लिटर धरून तेच पाणी साडेतीन दिवस पुरले असते. नवी मुंबईला मोरबे धरणाचे आणि ठाण्याला बरेचसे भातसा नदीवरच्या पिसे येथून पंपाने उपसलेले पाणी येते. वीज तिकडेही गेली असेल तर खालच्या टाकीत नवे पाणी येईलच असे नाही. अग्निशमनाची टाकी मात्र कोणत्याही परिस्थितीत वापरून रिकामी करू नये.

त्या सोसायटीत ६२.५ केव्हीएचा जनरेटर असूनही पाणी संपले, कारण तो सतत जिने, लॉबी आणि लिफ्टसाठी चालवला गेला आणि दुपारपर्यंत डिझेल संपले. असा जनरेटर हलक्या भारावरसुद्धा तासाला पाच-सहा लिटर डिझेल जाळतो. साडेसात अश्वशक्तीचा पंप एका तासाच्या आत ही पूर्ण टाकी भरतो. म्हणजे साऱ्या इमारतीच्या पाण्याची किंमत पाच-सहा लिटर डिझेल, तर रिकाम्या लॉबीच्या उजेडासाठी त्याच्या दहापट इंधन गेले. जनरेटर सकाळी एक आणि संध्याकाळी एक तास चालवावा, त्याच वेळी पंप लावावा, त्याच वेळी लिफ्ट सुरू ठेवून वृद्धांची ये-जा उरकावी आणि लॉबीत एक एक्स्टेंशन बोर्ड काढून मोबाइल चार्ज करू द्यावेत. वेळ फलकावर लिहून लावली की वाद होत नाहीत. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांनी संपतात, त्यामुळे फोनऐवजी संदेश पाठवावा आणि घरातल्या दोन फोनपैकी एक बंदच ठेवावा. गाडीतून चार्ज करायचे असेल तर तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये.

भाड्याने जनरेटर आणणाऱ्यांना हात जोडून एक गोष्ट सांगतो. तो बंद खोलीत, बाल्कनीत किंवा जिन्याखाली ठेवला तर त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेत माणसे दगावतात, कारण त्या वायूला वास नसतो. दुसरा धोका आपल्याला दिसतसुद्धा नाही. मेन स्विच बंद न करता मीटररूममध्ये जनरेटरच्या वायरी जोडल्या, तर वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, आणि जो ट्रान्सफॉर्मर २२,००० व्होल्टचे ४१५ करतो तोच उलट्या दिशेने ४१५ चे २२,००० करतो. तार मेलेली समजून खांबावर चढलेला जनमित्र त्यात सापडतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकतर बाहेरची वीज नाहीतर जनरेटर एवढेच जोडणारा स्विच, नसेल तर जनरेटर इमारतीच्या वायरिंगला जोडूच नये. त्याच्यावरून सरळ पंपापर्यंत वेगळी केबल टाकावी.

आता जळालेल्या कॉम्प्रेसरकडे येतो. वादळानंतर सर्वांत जास्त नुकसान वीज परत येते त्या दहा मिनिटांत होते. पाचपाखाडीतल्या एका चार मजली इमारतीत मला बोलावले होते, तेव्हा वीज नुकतीच आली होती. पहिल्या मजल्यावर जुना पिवळा दिवा निखाऱ्यासारखा लाल, मंद दिसत होता आणि वरच्याच घरातला दिवा इतका पांढरा शुभ्र की त्याच्याकडे पाहवत नव्हते. मीटरवर एका फेजला ११० व्होल्ट आणि दुसऱ्याला ३०५ दिसले. केबल ओढली गेल्याने न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, तुटली होती. मी खाली जाऊन मेन पाडेपर्यंत तीन टीव्ही आणि दोन फ्रिज गेले होते. नेरुळलाही असेच काही झाले, की वीज दोन-तीनदा येऊन-जाऊन कॉम्प्रेसर दाबाखाली पुन्हापुन्हा सुरू होण्याच्या धडपडीत जळाला, हे जळालेला भाग पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. उपाय दोन्हींवर एकच आहे. वीज जाताच फ्रिज, एसी, टीव्ही, वॉशिंग मशीन यांचे प्लग काढून ठेवावेत आणि एक जुना ६० वॉटचा, तारेचा दिवा तेवढा चालू ठेवावा. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही, कारण व्होल्टेज बरेच वर-खाली झाले तरी त्याचा उजेड बदलत नाही. तारेचा दिवा पाच मिनिटे नेहमीसारखा, न लुकलुकता जळला तर पंखे लावावेत, दहा मिनिटांनी फ्रिज आणि तासाभराने एसी. सगळ्या इमारतीने एकदम एसी लावले की नुकताच बसवलेला फ्यूज पुन्हा उडतो आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. दिवा फार मंद किंवा फार प्रखर वाटला तर लगेच घराचा मेन पाडून शेजाऱ्यांनाही सांगावे. ज्या इमारतींत प्रत्येक घरात फेज बदलण्याचा स्विच आहे, तिथे एक फेज गेल्यावर सगळे जण उरलेल्या फेजवर येतात आणि तीच केबल जाळतात. हा स्विच वादळाच्या दिवसांत फिरवू नये.

वीज स्थिर झाली तरी वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीतला स्विचबोर्ड ओलसर असू शकतो. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पुन्हापुन्हा पडत असेल तर तो बायपास करून देणारा इलेक्ट्रिशियन घरात घेऊ नये. एक-एक सर्किट बंद करून ओले कोणते ते शोधावे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत बंदच ठेवावे. इन्व्हर्टरची बॅटरी रिकामी झाल्यावर दहा-बारा तास सलग चार्ज होऊ द्यावी, आणि ती भरल्यावर डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहून कमी असेल तर खुणेपर्यंत भरावी.